पाणथळीतला भोवरा

चष्म्याची डावी काडी इतकी बाहेर वळली होती की तिने न विचारताच ताडलं, हा माणूस सायकलवरून पडलाय. चालता माणूस पडतो तेव्हा आधी हात टेकतो आणि चष्मा सहसा वाचतो. हात हँडलवर अडकलेले असले की मग गाल, कान आणि काडी एकदमच जमिनीला लागतात. इतकी वर्षं लोकांचे चष्मे सरळ करून करून तिला एवढी विद्या आली होती, आणि ती कुणाला सांगायची सोय उरली नव्हती, कारण असलं ऐकून घेणारा एकच माणूस होता, तिचा नवरा, आणि तो लिफ्ट दुरुस्तीचे वर्ग घ्यायला दुसऱ्या शहरात जाऊन बसला होता.

"कुठे पडलात?" तिने विचारलं.

काउंटरपलीकडचा दाढीवाला जरा लाजला. "भोवऱ्यात."

"पाण्यात?"

"छे हो, पाण्यात कसला! शहराबाहेर तो खडीचा बांध आहे ना, तिकडे. आधी पाणथळ लागते, मग कुरणं, मग डोंगरातली झाडी. एक मोटार आडवी येत नाही. आम्ही जाड टायरच्या सायकली घेऊन जातो दर रविवारी. तर त्या पाणथळीत एका ठिकाणी गोल गोल फिरायचं असतं. आम्ही त्याला भोवरा म्हणतो."

"का फिरायचं?"

"आता का म्हणजे... रूटमध्येच तसं आहे. नकाशावरची रेघच तिथे गोल गोल जाते. फिरला नाहीत आणि सरळ गेलात, तर हँडलवरचं यंत्र ओरडतं, रस्ता चुकला म्हणून. कुणी पाच फेऱ्या मारतं, कुणी नऊ. ज्याने हा रूट पहिल्यांदा टाकला तो म्हणे पुढच्या चढासाठी दम साठवायचा तिथे. कुणी म्हणतं, रस्ता चुकला होता बिचारा. मला विचाराल तर जरा खुळाच असणार तो."

ती काडी गरम हवेवर धरून होती. प्लास्टिक मऊ झालं की लगेच बाहेर काढायचं आणि अंगठ्याने हळूच आत दाबायचं, हे तिचे हात झोपेतही करतील. पण ती दाढीवाल्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि काडीवर बारीक बारीक फोड आले, मग ती वाकली, मग तिला जळका वास यायला लागला. "अहो, अहो!" दाढीवाला ओरडला. तिने काडी बाजूला घेतली. तिने माफी मागितली, शनिवारपर्यंत नवी काडी बसवून देते म्हणाली, तोवर त्याला धाग्याने बांधून काम भागवता येईल असं काहीतरी करून दिलं. तो गेल्यावर तिने दुकानाच्या काचेवरची पाटी उलटी केली आणि मागच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि आग कुणावर पाखडावी ते कळत नव्हतं. दाढीवाल्यावर तर नाहीच. त्या बापड्याला काय माहीत की तो खुळा म्हणजे बाई आहे आणि समोर उभी राहून त्याची काडी जाळते आहे.

वर्षापूर्वी ती तिथे फिरली होती ती चिलटांमुळे, दम साठवायला नव्हे आणि रस्ता चुकूनही नव्हे. पाणथळीत पाऊस सरल्यावर चिलटांचे ढग असतात. चालत्या सायकलला ती काही करत नाहीत, पण माणूस थांबला की कानात, नाकात, पापण्यांत शिरतात. नवऱ्याच्या मागच्या चाकात काटा घुसला तो नेमका तिथे, जिथे बांध रुंदावतो आणि मध्ये बोरूच्या उंच गवताचं एक दाट बेट आहे. त्याने सायकल उलटी केली, चाक काढलं, आणि मान खाली घालून चिलटं सोसत बसला. दोघांनी सोसण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून ती त्या बेटाभोवती फिरत राहिली. तिला थांबणं जमत नाही, असं तो नेहमी म्हणायचा. दूध उतू जायची वाट बघत उभी राहणारी बाई नाहीस तू, तू तेवढ्यात कपडे वाळत घालून येशील आणि दूध उतू गेलेलं बघशील, असं म्हणायचा. लग्न झालं तेव्हा तो हे कौतुकाने म्हणायचा. तर ती फिरत होती, बेटाच्या मागे गेली की दिसेनाशी होत होती, पुन्हा पुढे आली की त्याच्या पाठीजवळून जात होती, आणि तेवढ्या वेळात एक वाक्य बोलून होत होतं.

पहिलं वाक्य त्याचं होतं. "मला ती नोकरी मिळाली." ती पुढे निघून गेली आणि बेटामागे गेल्यावर तिच्या डोक्यात शिरलं की काय म्हणाला. पुढच्या फेरीला तिने विचारलं, "कुठली?" त्याच्या पुढच्या फेरीला तो म्हणाला, "शिकवायची. दुसऱ्या शहरातली." मग "कधी कळलं?" मग "मागच्या आठवड्यात." मग तिने एक फेरी नुसती दात खात मारली, इतकी जोरात की खडी उडाली. "आठवडाभर पोटात ठेवलंस?" "तू उभी कुठे राहतेस, की तुला सांगावं?" असं ते भांडण तुकड्यातुकड्याने चाललं होतं. मधल्या वेळात बोरूचे तुरे, काळं पाणी, मोडका खुंट आणि त्यावर बसलेला एक बगळा, जो दर फेरीला तिच्याकडे तसाच बघत होता. आणि शेवटी, टायर रिमवर चढवताना, वर न बघता, तो म्हणाला, "मी गेलो तर तू येशील?" आणि ती पुढे निघून गेली. थांबली नाही, थांबण्याचं सुचलंच नाही, वेग होता. पण ती फेरी तिला आजही तोंडपाठ आहे. तुऱ्यांपाशी तिला दुकान आठवलं. काळ्या पाण्यापाशी ताई आठवली, जी दोन गल्ल्या सोडून राहते आणि दर बुधवारी न विचारता येऊन बसते. खुंटापाशी तिला तिसऱ्या मजल्यावरचं घर आठवलं, आणि बगळ्याला ओलांडताना तिचं ठरलं. हो. जाईन. चष्मे सगळीकडे वाकतात. हा हो जिभेच्या टोकावर घेऊन ती बेटाला वळसा घालून आली, तर नवरा उभा राहून अंगठ्याने टायर दाबून बघत होता. तो म्हणाला, "तुझा पंप दे. माझ्यात दम नाही."

तिने पंप दिला. पंप काढायला थांबावं लागलं, आणि थांबल्याबरोबर चिलटं तोंडावर आली, म्हणून तिने तोंड मिटून घेतलं. पुढे कुरणांतून समोरचा वारा होता, दोघं एकामागे एक जात होती. पुढे डोंगरात चढ होता, तिथे श्वासालाच जागा नव्हती. घरी आल्यावर आंघोळ, कपडे, सायकलीचा चिखल. त्याने पुन्हा विचारलं नाही, तिने आपणहून सांगितलं नाही. उत्तर हवं असलेला माणूस पंप मागतो का? असं तिचं म्हणणं, जे तिने आजवर फक्त भिंतींना ऐकवलं होतं. तो महिनाभराने गेला. फोनवर ती दोघं आता चाव्या, पाण्याचं बिल आणि त्याच्या आईच्या गुडघ्यांबद्दल बोलत, अगदी शहाण्यासारखी.

आणि ती फेरी, ते भांडण, तो न दिलेला हो, हे सगळं तिच्या हँडलवरच्या यंत्राने इमानेइतबारे टिपून नकाशावर टाकलं होतं. ते आपोआप टाकलं जायची सोयही त्यानेच करून दिली होती, तुला या गोष्टी कळत नाहीत म्हणून. ती संध्याकाळी घरी आली, जिन्याशेजारची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर नेहमीसारखी खडखडली, आणि चपला न काढताच तिने कॉम्प्युटर उघडला. सापडायला वेळ लागला नाही. रेघ शहरातून निघत होती, बांधावरून सरळ जात होती, आणि एका जागी कुणीतरी पेन चालतं का बघायला गिरवावं तशी गिरवलेली होती. त्याखाली लोकांनी लिहिलं होतं. भोवरा एक नंबर! भोवऱ्यात आज बदक दिसलं. नवीन लोकांनी भोवरा चुकवू नये. तिने आपली नोंद पुसली. पुसून पाहिलं तर मार्ग तसाच होता, कारण आता तो तिचा राहिलाच नव्हता, शेकडो लोकांच्या नोंदी झाल्या होत्या. तिने तो नकाशा चालवणाऱ्या संस्थेला लिहिलं की तो गोल भाग काढून टाका, तिथे फिरायचं काही कारण नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, आपला मार्ग सर्वांच्या पसंतीस उतरल्याबद्दल अभिनंदन, आणि सोबत एका पदकाचं चित्र. तिने चिडून स्वतःच एक नवा मार्ग टाकला, तोच, पण गोल भाग कापून सरळ केलेला. त्याखाली दुपारपर्यंत तक्रारी आल्या. एकाने लिहिलं, ज्याला भोवऱ्याची किंमत कळत नाही त्याने घरात बसावं.

"मग सांग ना लोकांना खरं काय ते," ताई म्हणाली. बुधवार होता. ताई सफरचंदाच्या फोडी करत होती आणि अर्ध्या स्वतःच खात होती.

"काय सांगू? माझं आणि नवऱ्याचं इथे वाजलं होतं, कृपया फिरू नये?"

"नवऱ्याला तरी सांग. शनिवारी येतोय ना तो?"

"सामान न्यायला येतोय. त्याची सायकल न्यायला. नंतर यायचं कारणच उरणार नाही त्याला."

"तेच म्हणतेय मी. वर्ष झालं, तोंडात गुळणी धरल्यासारखी बसली आहेस. हो म्हणायचं होतं ना तुला? मग म्हणून टाक की एकदाचं. आणि नसेल म्हणायचं तर तसं म्हण."

"त्याने विचारलं पाहिजे."

"एकदा विचारलंय त्याने."

"मी सायकलवर होते, ताई!" ती इतक्या जोरात ओरडली की ताईच्या हातातली फोड खाली पडली. ताईने ती उचलली, धुतली आणि खाल्ली. पण ताई गेल्यावर तिच्या लक्षात आलं की ताईने ‘नसेल म्हणायचं तर’ म्हटलं होतं ते तिने ऐकूनच घेतलं नव्हतं. वर्षभर तिने एकच गोष्ट धरून ठेवली होती, आपलं उत्तर हो होतं आणि ते द्यायला मिळालं नाही. सकाळी शटर उघडताना तेच, मशीनवर काच घासताना पाण्याच्या फवाऱ्यात तेच. दुकानात एक खण न नेलेल्या चष्म्यांचा आहे. लोक डोळे तपासून जातात, काचा बसवायला सांगतात, आणि फिरकत नाहीत. वर्षाअखेरीला ती एकेकाला फोन करते. मग एखादा येतो, चष्मा लावतो, नाक मुरडतो, कसंतरीच दिसतंय म्हणतो, आणि तिला समजावून सांगावं लागतं की काच अगदी बरोबर आहे, डोळेच पुढे गेलेत. त्या आठवड्यात तिने तो खण उघडला आणि फोन न करताच पुन्हा लावला.

शनिवारी दाढीवाला नवी काडी बसवून घेऊन गेला. जाताना म्हणाला, उद्या भोवऱ्यात येताय का, मजा येते. ती म्हणाली, बघू. संध्याकाळी नवरा आला. जिन्यात त्याचा आवाज ऐकू आला, मग बराच वेळ तो वर आलाच नाही, म्हणून तिने दार उघडून पाहिलं तर तो बॅग जिन्यात ठेवून दुसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडून आत वाकला होता. "कधीपासून खडखडतेय ही?" त्याने खालूनच विचारलं. "तू गेल्यापासून," ती म्हणाली. "आणि कुणाला सांगितलं नाहीस?" "कुणाला सांगणार?" अर्ध्या तासाने तो तेलकट हात घेऊन वर आला, हात धुतले, चहा घेतला, आणि मग म्हणाला, कशी आहेस. लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात तो तिला रात्री अंथरुणात लिफ्टचे आवाज ओळखायला शिकवायचा, हे दार घासतंय, हा ब्रेक उशिरा लागला, आणि तिला त्या वेळी वाटायचं की जो माणूस भिंतीपलीकडचं यंत्र एवढं ऐकतो तो बायकोचं किती ऐकेल! आता तो नव्या शहरातल्या लिफ्टबद्दल सांगत होता, तिथली मुलं कशी हुशार आहेत, एक मुलगी नुसत्या कंपनावरून बिघाड सांगते. त्याचे डोळे चमकत होते. केस थोडे कमी झाले होते. तिला त्याच्याबद्दल माया वाटली आणि माया वाटल्याचा राग आला.

"उद्या दुपारी गाडी आहे तुझी. सकाळी एक चक्कर मारू," ती म्हणाली. "पाणथळीतून."

"वर्षभर सायकलला हात लावला नाही मी. मरेन."

"मर. पण चल."

लिफ्टचा आवाज बंद झाल्यामुळे तिला रात्री झोप लागली नाही. ती खडखड तिला आवडत होती असं नव्हे, पण तिच्यावरून तिला कळायचं, दुसऱ्या मजल्यावरची परिचारिका कामावरून आली, म्हातारे गृहस्थ फिरायला निघाले. वर्षभरात तिने ते आपलं आपण जुळवलं होतं. आणि हा आला, बॅग ठेवली आणि न विचारता ते बुजवून टाकलं. एवढ्याशा गोष्टीवर चिडावं का, असं ती स्वतःला विचारत होती आणि चिडत होती.

सकाळी टायरमधल्या हवेवरून पहिलं वाजलं. खडीवर हवा थोडी कमी ठेवावी लागते, नाहीतर दगडादगडाला हाडं मोजून निघतात. त्याने भरपूर भरली होती. ती म्हणाली, कमी कर. तो म्हणाला, असू दे. शहर संपून बांध सुरू झाला तसा तो दर खड्ड्याला आई गं म्हणू लागला, आणि ती गप्प राहिली, कारण ती बोलली असती तर सगळं बोलली असती. दोन्ही बाजूंना पाणी होतं, काठाला शेवाळ, पाण्यात पाणकोंबड्यांच्या ओळी. सूर्य ढगाआड होता आणि वारा पडला होता, म्हणजे चिलटांना हवा तसा दिवस. बांध रुंदावू लागला. दुरूनच तिला दिसलं आणि ती मनात म्हणाली, अरे देवा.

बोरूच्या बेटाभोवती गवत पार गेलं होतं. तिथे आता एक घट्ट, मळलेली, पायवाटेहून रुंद गोल वाट होती, कडेला चिखल चढलेला. सात-आठ सायकलवाले तिच्यावरून एकामागे एक फिरत होते, शिस्तीत, आणि बांधावर चार जण आपली पाळी येईतो जागच्या जागी सायकली मागेपुढे करत होते. आणि नवरा जिथे बसला होता, बरोबर तिथे, कुणीतरी एक खुंट रोवून त्याला सायकलची जुनी घंटा बांधली होती. जाणारा प्रत्येक जण ती एकदा वाजवत होता. दाढीवाल्याने तिला पाहून हात केला.

नवरा एक पाय टेकून बघत राहिला. "हे काय चाललंय? कोण हे खुळे?"

"आपण आहोत," ती म्हणाली. "तुझी ट्यूब बदलेपर्यंत मी फिरत होते ना, ते नकाशावर गेलं. तू लावून दिलेल्या यंत्रातून. लोकांना वाटलं, असंच फिरायचं असतं."

तो आधी तिच्याकडे बघत राहिला, मग हसायला लागला. तो असा हसतो की त्याला सायकल धरवत नाही. डोळ्यांतून पाणी येईतो हसला, खुंटाकडे बोट दाखवून हसला, आणि त्याच्या उघड्या तोंडात चिलट गेलं म्हणून खोकला. आणि ती तिथे उभी होती, आणि तिला वाटलं की आता याला पाण्यात ढकलून द्यावं, घंटेसकट. वर्षभर जिच्यामुळे तिला धड जेवण गेलं नाही ती जागा ह्याला गंमत वाटते आहे. तिने पॅडलवर पाय ठेवला आणि सरळ त्या रांगेत घुसली. "ताई, नंबर लावा की," कुणीतरी म्हणालं. ती थांबली नाही. नवरा घंटेच्या खुंटापाशी येऊन उभा राहिला, चिलटं हाकलत, आणि ती पहिली फेरी मारून त्याच्यापाशी आली.

"तू मला इथे काहीतरी विचारलं होतंस," ती म्हणाली आणि पुढे गेली.

बेट, तुरे, काळं पाणी. मोडका खुंट होता तिथेच होता, बगळा नव्हता. ती पुढे आली तेव्हा तो हसत नव्हता.

"माहीत आहे," तो म्हणाला. "तू उत्तर दिलं नाहीस."

पुन्हा तुरे. पुन्हा पाणी. तिचं डोकं भणभणत होतं.

"तू पंप मागितलास!"

त्याचं वाक्य पुढच्या फेरीला आलं. तोवर त्याचाही आवाज चढला होता. "मग काय करणार होतो? तू तोंड फिरवून निघून गेलीस!"

"मी गोल फिरत होते!" ती ओरडली, आणि पुढचं वाक्य तिने मान मागे वळवून, सायकल डगमगत, पुरं केलं. "गोल फिरणारं माणूस परत येतं!"

रांगेतले लोक आता एकमेकांकडे बघत होते. घंटा वाजवायचं त्यांनी बंद केलं होतं. तिला त्याची पर्वा नव्हती. ती पुन्हा आली, आणि नवरा अगदी हळू, जवळजवळ विनवल्यासारखं म्हणाला, "काय होतं उत्तर?" आणि ती पुढे निघून गेली, कारण वेग होता, आणि तिच्या लक्षात आलं की आपण पुन्हा तेच केलं. हो जिभेवर आलेला होता. तुरे गेले, पाणी गेलं, मोडका खुंट गेला, आणि ती बेटाला वळसा घालून आली तेव्हा नवरा तिथे नव्हता. बेटाच्या पलीकडून त्याच्या साखळीची करकर ऐकू येत होती, वर्षभर तेल न लागलेल्या साखळीची. चिलटं सोसवेनात म्हणून तोही फिरायला लागला होता. ती जोरात गेली असती तर त्याला गाठलं असतं, हळू झाली असती तर त्याने तिला गाठलं असतं, पण ती त्याच वेगात जात राहिली आणि तोही, आणि एक पूर्ण फेरी बेटाच्या या बाजूला ती आणि त्या बाजूला तो, मध्ये बोरूची भिंत. एरवी तिला हसू आलं असतं. तिला कंटाळा आला, असा कंटाळा की हाडापर्यंत गेला, या जागेचा, या रेघेचा, त्या ‘हो’चा, जो ती जीव मुठीत धरल्यासारखा घेऊन फिरत होती.

तिने ब्रेक दाबले. घंटेच्या खुंटापाशी, तो बसला होता तिथे, ती उतरली आणि उभी राहिली. चिलटं लगेच आली. कानामागे, मानेवर, चष्म्याच्या आत. तिने हात हलवला नाही. मागचे सायकलवाले तिला वळसा घालून जायला लागले, मग तेही थांबले. करकर जवळ आली आणि नवरा बेटामागून बाहेर आला.

"अगं, उभी काय राहिलीस? खातील तुला."

"थांब," ती म्हणाली. "उतर."

तो उतरला. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, भुवयांवर चिलटं बसली होती, आणि तोही ती हाकलत नव्हता.

"हो होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी हो होतं. इथपर्यंत घेऊन आले होते मी."

त्याने सायकल वाटेच्या कडेला आडवी ठेवली, नीट, हँडल वर राहील अशी. हात पँटला पुसले. मग तो तिच्यासमोर सरळ उभा राहिला, जसा तो कधीच उभा राहत नसे, कारण त्याच्या हातात नेहमी काहीतरी असे, पाना किंवा पंप.

"आता विचारतो," तो म्हणाला. "येशील?"

हेच तिला हवं होतं. वर्षभर हेच, याच शब्दांत, याच जागी, उभं राहून. तिने तोंड उघडलं आणि तिला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"नाही."

तिलाच आश्चर्य वाटलं. तिने आत शोधून पाहिलं, तो हो कुठे पडला का, मागे राहिला का, पण तिथे दुकानाचं शटर होतं, बुधवारची ताई होती, दुसऱ्या मजल्यावरची बंद पडलेली खडखड होती, आणि हा समोरचा माणूस होता, जो तिला अजून आवडत होता आणि ज्याच्यामागे तिला जायचं नव्हतं. एवढं साधं होतं ते. तिला रडू आलं, तोंडात चिलटं गेली, ती थुंकली, डोळे पुसले, आणि चष्म्यावर चिखलाचं बोट उमटलं.

"बरं," नवरा म्हणाला. त्याचाही चेहरा ओला होता. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "नक्की ना?" आणि तिने मान डोलावली. मग त्याने खाली वाकून स्वतःच्या टायरमधली हवा थोडी सोडली, फुस्स करून, तिने सकाळी सांगितलं होतं तेवढी.

मागे सगळे खोळंबले होते. दाढीवाल्याने नवी काडी कानावर नीट बसवली आणि संकोचून विचारलं, "ताई, किती फेऱ्या राहिल्या तुमच्या?"

"संपल्या," ती म्हणाली, आणि सायकल उचलून वाटेतून बाजूला झाली.